पाठिंबा की परवानगी?

बाई मैदानात उतरली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘घरच्यांचा पाठिंबा आहे ना?’ पुरुषाला हे कुणी विचारत नाही.

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहावी आली. २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी! या शेतकऱ्याच्या लेकीला घरची साथ होती, तिचं मोल आहेच. पण ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पुरुषांना १९२० पासून खुली, बायकांना थेट २००८ मध्ये. हे ८८ वर्षांचं कुंपण कुणा आईबापांनी घातलं नव्हतं.

आणि घर म्हणजे तरी कोण? आमच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे त्यापायी दोघांना घर सोडावं लागलं. आसरा दिला उस्मान शेख यांनी. नवरा सोबत, सासरा विरोधात, मित्राचं दार उघडं. यातलं घर कुठलं धरायचं?

हल्ली चिखल, दोरखंड, भिंती पार करायच्या हौशी शर्यतींतही बायका उतरतात. घरचे ‘जा’ म्हणतात, शेवटच्या रेषेपाशी टाळ्याही वाजवतात. पण पहाटे सरावाला निघण्याआधी डबे तिनेच भरायचे! याला आम्ही परवानगी म्हणतो, पाठिंबा नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत मैत्रिणींनो, एवढा हिशेब मांडाच: सरावाच्या दिवशी पोळ्या कोण लाटतं?