विकणे आहे, काम वगळून

"सित्रोएन फूर्गोनेत, १९५८. संपूर्ण नव्याने केलेली. लग्नसमारंभ, दुकानाची सजावट, कॉफी स्टॉल यांसाठी उत्तम. बघताच प्रेमात पडाल."

फ्रान्समध्ये राहायला आल्यापासून मला जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचायचा नाद लागलाय. घ्यायची ऐपत नाही, ठेवायला जागा नाही, पण वाचायला काय जातंय? तर ही वरची जाहिरात गेल्या आठवड्यातली. किंमत अशी की तेवढ्यात एक साधी नवीकोरी गाडी दारात उभी राहील. माझी तक्रार किमतीबद्दल नाही. हौसेला मोल नसतं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. माझी तक्रार त्या जाहिरातीत जे लिहिलं नव्हतं त्याबद्दल आहे. ही गाडी काय काम करत होती, कोणाची होती, एक अक्षर नाही!

ज्यांना फूर्गोनेत म्हणजे काय ते माहीत नाही (आमच्या नाशिकच्या काकू नक्की विचारणार) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सित्रोएनची ती प्रसिद्ध बेडकासारखी गाडी, २ सीव्ही, इथले लोक तिला 'दोशव्हो' म्हणजे 'दोन घोडे' म्हणतात. घोडे दोनच असं नाही, ते कर आकारण्याच्या हिशोबातले घोडे. कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी १९३०च्या दशकात इंजिनीयरांना सांगितलं होतं की दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६०च्या वेगाने जातील अशी गाडी करा, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. मध्ये महायुद्ध आलं, त्यामुळे लोकांना ती दिसली थेट १९४८च्या पॅरिसच्या प्रदर्शनात. आणि १९५१मध्ये त्याच गाडीच्या पाठीवर पत्र्याची एक खोली चढवली, ती ही फूर्गोनेत. इंजिन ३७५ सीसी, ताकद ९ हॉर्सपॉवर. आपल्याकडे बऱ्याच मोटारसायकलींची ताकद याहून जास्त असते! आणि एवढ्यावर माल न्यायचा २५० किलो.

ती पाठीमागची खोली बघितलीत तर तुम्हाला आपला पन्हाळी पत्राच आठवेल. शोभेसाठी नाहीत त्या पन्हळी. पातळ पत्रा वाकू नये म्हणून त्याला घड्या घालायच्या, म्हणजे आतून जाड सांगाडा लागत नाही, वजन कमी, पैसे कमी. आपण गोठ्यावर तेच करतो. इंजिन हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाही आणि त्यातलं पाणी थंडीत गोठायची भानगडही नाही. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचे. म्हणजे गाडी जोरात तर वायपर जोरात, आणि भर पावसात चढावर गाडी रांगायला लागली की वायपरही रांगणार. नेमकं जेव्हा दिसायला हवं तेव्हा दिसायचं नाही! त्या काचेआडून डोळे बारीक करून रोज वीसपंचवीस खेड्यांना पाव, पत्रं, खिळे, औषधं पोचवणारी माणसं होती. अशा बारा लाखांहून जास्त व्हॅन बनल्या, १९७८पर्यंत. टपाल खात्याने घेतल्या, वीजवाल्यांनी घेतल्या, बेकरीवाल्यांनी, रंगाऱ्यांनी, खाटकांनी घेतल्या. तेव्हा कोणी बघताच प्रेमात पडत नव्हतं. गाडी स्वस्त होती आणि बंद पडली तर गावातला लोहारसुद्धा काहीतरी खटपट करू शकायचा, म्हणून घ्यायचे.

आता मूळ मुद्दा. जाहिरातीत 'आधी आणि नंतर' असे फोटो होते. 'नंतर'च्या फोटोत गाडी फिकट निळी, चकाचक, आणि बाजूला सोनेरी वळणदार अक्षरांत 'बुलांजेरी-पातिसेरी', म्हणजे बेकरी आणि केक-पेस्ट्रीचं दुकान. 'आधी'च्या फोटोत तीच गाडी राखाडी, पोचे पडलेली, कोठारात कोंबड्यांच्या शेजारी उभी. आणि त्या राखाडी रंगावर, विटलेली पण वाचता येतील अशी अक्षरं होती. एक आडनाव. खाली 'केंकायेरी', म्हणजे आपलं हार्डवेअरचं दुकान. त्याखाली एका गावाचं नाव आणि 'टेलिफोन १४'. गावात टेलिफोनच इतके थोडे, की दोन आकड्यांत काम भागायचं.

म्हणजे बघा, हा माणूस आयुष्यभर कुलपं, बिजागऱ्या, कुंपणाच्या तारा घेऊन फिरला. त्याची गाडी विकणाऱ्याने त्याचं नाव घासून काढलं, आणि तिथे एका कधीच नसलेल्या बेकरीची पाटी लावली. का? तर बिजागऱ्या गोड दिसत नाहीत. क्रोसाँ गोड दिसतात. माझ्याच्याने राहवलं नाही, मी विकणाऱ्याला पत्र टाकलं की जुनी अक्षरं ठेवता आली नसती का? त्याचं उत्तर अगदी सभ्य होतं. म्हणाला, काळजी करू नका, तीन हात रंग दिलाय, खालचं काहीही दिसणार नाही याची खात्री देतो!

याला मी जतन म्हणायला तयार नाही. याला आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंग म्हणतात. आणि यांच्याकडे शब्द नाही असंही नाही हो. न छेडलेल्या जुन्या गाडीला इथे 'स्वतःच्याच रसात' असलेली गाडी म्हणतात. इतका सुंदर शब्दप्रयोग असलेल्या देशात तो रसच पुसून टाकायला पैसे घेतात!

आपल्याकडचा टेम्पो आठवून बघा. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव, आपण ते दिसेल त्या मालगाडीला देऊन टाकलं. त्यावर मालकाचं नाव, मुलांची नावं, गावच्या देवाचं नाव, आईवडिलांचा आशीर्वाद... हे सगळं खरवडून उद्या कोणी त्यावर 'पेशवेकालीन मिठाईवाले' असं रंगवलं आणि पुण्याच्या एखाद्या लॉनवर लग्नात उभा केला, तर तुम्हाला काय वाटेल? (काही जणांना आवडेल, मला माहीत आहे. ते आमच्याच घरात आहेत.)

आता तुम्ही म्हणाल, अरे, हे लोक नसते तर ती गाडी कोंबड्यांखालीच गंजून गेली असती. खरं आहे. या गाड्यांची चासी आतून कुजते, बाहेरून थांगपत्ता लागत नाही, आणि कोणीतरी खर्च केल्याशिवाय त्या वाचत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. कोणी त्यात कॉफीचं मशीन बसवून रोज सकाळी बाजारात उभा राहत असेल, पावसात भिजत असेल, संध्याकाळी गल्ला मोजत असेल, तर त्याने ती गाडी पुन्हा कामाला लावली. त्याला माझा नमस्कार. तिची मोठी बहीण, सित्रोएनची एच व्हॅन, हिच्यातूनही असे कित्येक जण पोट भरतात. राग येतो तो तिचं इंजिन काढून, कापून, कायमची एका जागी ठोकून तिचं काउंटर करणाऱ्यांचा. चाकं फिरत नाहीत, पण दिवे लागतात. निदान तिला फर्निचर तरी म्हणा.

आणि या कौतुकात सरकारही सामील आहे. इथे गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली की तिला 'संग्रहातली गाडी' अशी कागदपत्रं मिळू शकतात. मग तिची तपासणी पाच वर्षांनी एकदा. १९६०च्या आधीची असेल तर तपासणीच नाही! आणि एखाद्या प्लंबरची रोजची व्हॅन? तिला दर दोन वर्षांनी तपासणी, शिवाय मधल्या वर्षी धुराची वेगळी. पॅरिस आणि भोवतालच्या पट्ट्यात प्रदूषण कमी करण्यासाठी गाड्यांचे वर्ग पाडले गेले, आणि १ जानेवारी २०२५पासून २०११च्या आधीच्या डिझेल गाड्यांना कामाच्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ मज्जाव करणारा नियम आला. म्हणजे प्लंबरची २००८ची कांगू बाहेर. आणि १९५८ची, धूर गाळायचं कसलंही यंत्र नसलेली फूर्गोनेत? तिला संग्रहाच्या कागदामुळे सूट. पुढे जून २०२५मध्ये नॅशनल असेंब्लीने ही क्षेत्रंच रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं, आणि त्यावरून बरीच हाणामारी झाली, ती वेगळी कथा.

शुद्ध हवा मलाही हवी आहे, माझा मुलगा इथेच शाळेत जातो. सूट का दिली तेही कळतं. या जुन्या गाड्या फिरतात किती? वर्षातले चार रविवार. त्यांचा धूर मोजण्याइतकाही नसेल. पण मग सरळ वाचा ना ते काय म्हणतायत. ही गाडी काही काम करत नाही, म्हणून तिला आत येऊ द्या. ती गाडी काम करते, म्हणून तिला अडवा. जो हार्डवेअरवाला आपली फूर्गोनेत घेऊन रोज शहरात शिरायचा, त्याला तेच काम आज तशाच फाटक्या गाडीतून करायचं असतं, तर त्याला वेशीवरच थांबवलं असतं. त्याची गाडी मात्र, त्याचं नाव पुसून, आत लग्नाला गेली असती.

आमच्या पुतण्याने परवाच विचारलं, काका, तिकडून अशी एखादी बघून ठेव, पुढेमागे घेईन. बघतो की. पण माझ्या अटीवर. चासीखाली आडवं पडून टोचून बघायचं, पन्हळी सरळ करायच्या नाहीत, आणि जुनं नाव कितीही विटलेलं असलं तरी त्यावर ब्रश लावायचा नाही. आणि वर्षातून निदान एकदा तरी तिच्यातून कोणाचं तरी सामान हलवून द्यायचं. २५० किलोपर्यंत. फ्रीज आणि गाद्या धरून बसतं एवढ्यात.