गाडीला धुक्यातही दिसतं, ते कसं?

समोरची गाडी अचानक थांबली, की आपली गाडी आधी ‘टूं टूं’ करते आणि तरीही आपण ढिम्मच राहिलो तर स्वतःच ब्रेक मारते. नव्या गाड्यांमधली ही सोय तुम्ही पाहिली असेल. बऱ्याच गाड्यांमध्ये हे काम पुढच्या बाजूला लपलेलं छोटंसं रडार करतं. त्याच्यामागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची पीएचडी असते. आज तिच्याबद्दल बोलूया. मी इंग्रजीत बीए केलंय, त्यामुळे जड गणित येणार नाही, काळजी नसावी!

डाळीच्या दाण्याएवढी लहर

हे रडार 76 ते 81 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरी सोडतं. 77 गिगाहर्ट्झला एका लहरीची लांबी सुमारे 3.9 मिलिमीटर, म्हणजे डाळीच्या दाण्याएवढी. म्हणूनच नाव मिलिमीटर वेव्ह. लहर लहान, म्हणून अँटेनाही लहान. विमानतळावर फिरणारं ते मोठं रडार आठवा. इथे सगळी यंत्रणा तळहातावर मावते.

लहर समोरच्या ट्रकवर आपटून परत येते. ट्रक 100 मीटरवर असेल, तर या जाण्यायेण्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. त्यावरून अंतर कळतं. वेग कळतो डॉप्लर परिणामामुळे. रुग्णवाहिका जवळ येताना सायरनचा सूर चढा वाटतो आणि लांब जाताना उतरतो ना, तेच इथे रेडिओ लहरींचं होतं.

दिल्ली, लखनौ, ग्वाल्हेरकडच्या वाचकांना जानेवारीतलं धुकं वेगळं सांगायला नको. अशा धुक्यात कॅमेऱ्याला फारसं दिसत नाही, पण या लहरी सहज पार जातात.

मग संशोधन कशाचं?

रस्त्यावर ट्रक आहे आणि त्याच्या शेजारी स्कूटरवर बाप-लेक. ट्रकचा प्रतिध्वनी दणदणीत, स्कूटरचा अगदी क्षीण. 100 मीटरवर एका अंशाचा फरक म्हणजे जेमतेम पावणेदोन मीटर. एवढं बारीक पाहता आलं नाही, तर रडारला दोघं मिळून एकच वस्तू वाटते. शिवाय साइनबोर्ड, पूल, दुभाजक यांचेही प्रतिध्वनी येतातच. त्यातून रस्त्यात बंद पडलेला ट्रॅक्टर नेमका ओळखायचा!

अँटेना वाढवल्या तर नजर तीक्ष्ण होते, पण खर्च वाढतो, चिप तापते आणि एकीकडचा सिग्नल दुसरीकडे झिरपतो. पीएचडी करणारी मुलगी यातला एकच तुकडा हातात घेते, कधी फक्त एक अ‍ॅम्प्लिफायर. ती आराखडा करते, चिप बनायला पाठवते आणि काही महिने वाट पाहते. चिप आली की मोजमाप होतं. अँटेनाची चाचणी टोकदार फोम लावलेल्या, प्रतिध्वनी गिळणाऱ्या खोलीत होते. आकडे जुळले नाहीत, तर पुन्हा आराखड्यापासून सुरुवात.

या लहरींशी आपलं नातं जुनं आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्यात अशा लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली होती. पुढे त्यांनी 5 मिलिमीटरच्या लहरींपर्यंत मजल मारली.

एवढा खटाटोप कशाला?

2022 मध्ये भारतात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात 11 मीटर पुढे सरकते. ब्रेक अर्धा सेकंद आधी लागला, तर तेवढे 11 मीटर वाचतात. स्कूटरवरच्या बाप-लेकीसाठी तेवढं अंतर पुरेसं ठरू शकतं.

अर्थात, रडार आहे म्हणून सीटबेल्ट सोडू नका आणि वेगही वाढवू नका. तुमच्या गाडीत रडार असेल, तर एवढं करा: त्याच्यासमोर चिखल साचू देऊ नका, स्टिकर लावू नका आणि मॅन्युअल वाचल्याशिवाय लोखंडी गार्ड बसवू नका.

आणि घरात कुणी अशी पीएचडी करत असेल, तर “संपणार कधी?” असं विचारण्याऐवजी “चिप आली का गं परत?” असं विचारून बघा. मग निवांत बसा, कारण उत्तर बरंच लांबेल!