विजेचा धडा घरचाच हवा

वळवाचे ढग दिसूं लागले कीं शेतकऱ्याच्या घरीं एकच धांदल उडते. खळ्यावरचा माल झांकावयाचा असतो, कडबा आंत घ्यावयाचा असतो आणि झाडाखालीं बांधलेलीं गुरें गोठ्यांत आणावयाचीं असतात. कर्तीं माणसें मोठ्या कामास लागतात आणि गुरें आणण्याचें काम दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या वांट्यास येतें. "जा रे पळत, बैल सोडून आण," असें आपण सहज सांगतों. आमच्या मतें आपल्या घरांत उच्चारलें जाणारें सर्वांत धोक्याचें वाक्य हेंच होय.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. वीज पडून मनुष्य दगावलें म्हणजे तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा दाखला हीं कागदपत्रें आमच्या टेबलावर येत. मृताच्या वारसांस शासनाकडून ४ लक्ष रुपयांचें साहाय्य मिळतें. त्याचें प्रकरण तयार करण्याचें काम आमचें असे. कागद वाचतां वाचतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. गांवें निराळीं, नांवें निराळीं, परंतु मजकूर बहुधा एकच: वेळ दुपार कलल्यानंतरची, आणि ठिकाण कोठें निंबाखालीं, कोठें आंब्याखालीं, कोठें बांधावरच्या बाभळीखालीं.

अशाच एका प्रकरणांत मृत मुलाचें वय अकरा वर्षें होतें. बाप सही करण्यास आला. सही झाल्यावर तो म्हणाला, "मींच धाडला होता, भाऊसाहेब. बैल वांचले." त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. कारणाच्या रकान्यांत आम्हीं 'नैसर्गिक आपत्ति' असें लिहिलें. तें नियमास धरून होतें. परंतु पुरतें खरें नव्हतें, असें आज वाटतें.

कोणी म्हणेल, हें मुलांस शाळेंत शिकवावें. शिकवावेंच, परंतु तेवढ्यानें भागणार नाहीं. आपल्या प्रांतीं विजेचा जोर मुख्यतः वळवाच्या व परतीच्या पावसांत असतो. वळवाच्या दिवसांत शाळेस सुटी असते व मूल शेतांत असतें. परतीच्या पावसांत शाळा चालू असली तरी वीज कडाडते ती बहुधा शाळा सुटण्याच्या सुमारास. शिवाय गुरुजींनीं 'झाडाखालीं जाऊं नये' असें शिकविलें आणि बापानें झाडाखालीं धाडिलें, तर मूल कोणाचें ऐकेल? तें बापाचेंच ऐकेल, आणि आपण त्यास तसेंच वाढविलें आहे. म्हणून हा धडा प्रथम वडील मंडळींनीं गिरविला पाहिजे.

मुलास नुसतें 'जाऊं नको' म्हणून सांगणें म्हणजे शिकविणें नव्हे. कारण सांगावें, म्हणजे तें लक्षांत राहतें. वीज चमकलेली तत्काळ दिसते, परंतु तिचा आवाज एक किलोमीटर यावयास सुमारें ३ सेकंद घेतो. मुलास लखलखाट दिसतांच अंक मोजावयास लावावें. ३० मोजण्याच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर वीज १० किलोमीटरांच्या आंत आली असें समजून पक्क्या घरांत शिरावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटें बाहेर पडूं नये. मुलांस हें मोजणें खेळासारखें आवडतें.

झाड कां टाळावें, हेंहि सांगावें. उंच झाडावर वीज पडली म्हणजे ती बुंध्यावरून जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेते व मुळांच्या आसपासच्या जमिनींतूनहि पसरते. पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्यानें गुरें अशा वेळीं पटकन दगावतात. माचाण, झोपडी किंवा पत्र्याचें उघडें छप्पर यांचा भरंवसा धरूं नये. जवळ घर नसेल तर झाड, विजेचा खांब, तारेचें कुंपण व पाणी यांपासून दूर व्हावें, दोन्ही पाय जुळवून उकिडवें बसावें, आडवें होऊं नये. ही शेवटची युक्ति आहे, आसरा नव्हे, हेंहि मुलास स्पष्ट सांगावें.

कित्येक घरीं अजून असें मानितात कीं वीज पायाळू माणसावरच पडते. याचा दुहेरी तोटा होतो. पायाळू मूल उगाच भितें, आणि बाकीचीं निर्धास्त झाडाखालीं उभीं राहतात. वीज पडलेल्या माणसास शेणांत पुरण्याची चालहि कोठें कोठें आहे. तींत वांचण्याची वेळ फुकट जाते. त्या माणसाच्या अंगांत वीज उरत नाहीं. त्यास बेलाशक हात लावावा, श्वास बंद असल्यास छाती दाबून तो चालू करण्याचा प्रयत्न करावा व १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

तारेंतील विजेचें मात्र याच्या उलट आहे. तिला चिकटलेल्या माणसास प्रवाह बंद केल्याविना हात लावूं नये, लावणाराहि जातो. आधीं खटका पाडावा. तें शक्य नसेल आणि घरांतील साधी तार असेल, तर कोरड्या पायतळीं उभें राहून वाळक्या लांकडानें ती दूर करावी. खांबावरील तार तुटून पडली असेल, तर लांकडाचाहि भरंवसा नाहीं. दूर राहून वीज कार्यालयास कळवावें. डुकरांसाठीं कुंपणांत वीज सोडणें हा तर गुन्हा आहे, आणि त्या तारेस आपलें मूल व परक्याचें मूल यांतील भेद कळत नाहीं.

या बाबतींत आम्हीहि निर्दोष नाहीं. आमच्या विहिरीवरील स्टार्टरच्या पेटीस झटका बसत असे. दुरुस्तीचें काम आज-उद्यां करीत आम्ही वाळक्या काडीनें बटण दाबीत होतों. एके दिवशीं आमचा सात वर्षांचा नातू तशीच काडी घेऊन पेटीपुढें उभा असलेला दिसला. पायांखालीं चिखल, पायांत कांहीं नाहीं. रागें भरतांच तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण असंच करतां ना?" त्याच आठवड्यांत आम्हीं अर्थिंग नव्यानें करविलें व पेटी बदलली. आमच्या शंभर सूचनांहून आमची ती काडीच त्यानें नीट शिकून घेतली होती.

आतां बैलांचें काय, हा प्रश्न रास्त आहे. बैल म्हणजे शेतकऱ्याचा हात; त्याची हेळसांड करा असें आम्ही म्हणत नाहीं. उपाय वेळेचा आहे. अशा दिवसांत दुपारीं आभाळ भरूं लागतांच, गडगडाटापूर्वींच, मोठ्या माणसानें गुरें गोठ्यांत घ्यावीं. पुणें येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें ॲप काढिलें आहे. तें आसपासच्या विजेची आगाऊ सूचना मोबाईलवर देतें. जेवणानंतर तंबाखू मळतां मळतां तें पाहण्यास कितीसा वेळ लागतो?

आणि इतकें करूनहि उशीर झालाच, तर घरोघरीं एक नियम असावा: गडगडाट ऐकूं आल्यावर कोणीं बाहेर जावयाचें नाहीं, आणि मुलास तर कोणीं कोणत्याहि कामासाठीं धाडावयाचें नाहीं; माल भिजो, कडबा भिजो, बैल झाडाखालीं राहो. मुलानेंहि अशा वेळीं 'जात नाहीं' म्हटलें, तर त्यास उद्धट म्हणूं नये. बैलाची किंमत बाजारांत ठरते. त्या बापाच्या हातीं जे ४ लक्ष पडले, त्यांत त्यास बैलांच्या कित्येक जोड्या घेतां आल्या असत्या.