अनपेक्षिताची अपेक्षा

एखाद्या कलावंताविषयी 'तो पुढे काय करील हे सांगता येत नाही' असे म्हटले जाते, तेव्हा ते विधान वर्णनपर असते की मूल्यनिर्णयात्मक, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. रॉक संगीताच्या चाहत्यांत हे विधान निःसंशय स्तुतिपर मानले जाते. आणि ज्या कलावंताच्या वाट्याला ते बहुधा सर्वांत अधिक आले, त्या नील यंगच्या बाबतीत तर ते स्तुतीचे इतके रूढ सूत्र झाले आहे की, त्याच्या प्रत्यक्ष एखाद्या ध्वनिमुद्रिकेविषयी काही बोलण्याची गरजच उरत नाही. १९४५ साली टोरांटोत जन्मलेल्या या गायकाने १९७२ मध्ये 'हार्वेस्ट' हा कमालीचा लोकप्रिय, मृदू वळणाचा अल्बम दिला. १९८२ मध्ये 'ट्रान्स'वर यंत्राने बदललेल्या आवाजात गाणी गायिली. १९८३ मध्ये पन्नाशीच्या दशकातील रॉक अँड रोल, १९८५ मध्ये कंट्री, १९८८ मध्ये तुताऱ्यांसह ब्लूज. १९९१ मध्ये 'आर्क' या नावाने जवळजवळ पस्तीस मिनिटांचा गिटारचा निव्वळ गोंगाट आणि लगेच १९९२ मध्ये 'हार्वेस्ट मून'सारखा संथ, घरगुती अल्बम. ही यादी चाहत्याला तोंडपाठ असते, आणि यादी म्हणणे हाच त्याच्या लेखी युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. कारण तो केवळ चाहत्यांचा राहिलेला नाही. मराठी समीक्षेतही 'प्रयोगशील' हे विशेषण साठोत्तरी काळापासून पुष्कळदा याच रीतीने वापरले गेले आहे. प्रयोग साधला की फसला, हे सांगण्याचे टाळायचे असेल तर लेखकाला प्रयोगशील म्हणावे, असा जणू संकेतच पडून गेला.

यंगच्या कारकिर्दीतील एका प्रसंगापासून सुरुवात केली तर या स्तुतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९८३ साली गेफन रेकॉर्ड्स या कंपनीने आपल्याच या कलावंतावर सुमारे ३३ लाख डॉलरांचा दावा लावला. तक्रार अशी की, त्याने दिलेल्या ध्वनिमुद्रिका व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी तर होत्याच, शिवाय त्याच्या पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांच्या प्रकृतीशी त्या जुळत नव्हत्या. नील यंगने नील यंगसारखे गावे, असा हा आग्रह. यंगने प्रतिदावा केला, पुढे प्रकरण मिटले, आणि चाहत्यांच्या आख्यायिकेला एक आयता खलनायक मिळाला. तेव्हापासून ही हकिकत कलावंताचे स्वातंत्र्य आणि भांडवलदाराचा कोतेपणा यांच्यातील संघर्षाची कथा म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेही. परंतु तेवढीच नाही.

'लेखक म्हणजे काय?' या १९६९ च्या व्याख्यानात मिशेल फुकोने संत जेरोमच्या निकषांचा उल्लेख केला आहे. अनेक ग्रंथ एकाच नावावर असतील, तर त्यांतील खरे कोणते, हे ठरवण्यासाठी जेरोमने चार कसोट्या सांगितल्या होत्या: दर्जाची सातत्यपूर्ण पातळी, विचारांची सुसंगती, शैलीची एकरूपता आणि ऐतिहासिक काळाशी मेळ. आधुनिक समीक्षेची लेखकाविषयीची कल्पना याहून फारशी वेगळी नाही, असे फुकोचे म्हणणे. गेफनच्या वकिलांनी नकळत जेरोमचीच री ओढली: शैली जुळत नाही, तेव्हा हा माल त्या नावाचा नव्हे. चाहता मात्र या कसोटीचा त्याग करीत नाही; तो ती फक्त उलटी करतो. शैली जुळत नाही, तेव्हा हा माल त्याच नावाचा! एकाला साम्य हवे, दुसऱ्याला भेद. पण दोघेही नव्या ध्वनिमुद्रिकेची तुलना जुनीशी करूनच तिचे मूल्य ठरवतात. 'एव्हरीबडीज रॉकिन' ही जेमतेम पंचवीस मिनिटांची मुद्रिका गाणी म्हणून कशी आहे, हा प्रश्न न्यायालयात कोणी विचारला नाही आणि चाहत्यांच्या गप्पांतही तो निघत नाही. तिथे ती कंपनीला दिलेली चपराक म्हणून ऐकली जाते. रॉक अँड रोल मागितले, मग घ्या हे! किस्सा रंगतदार आहे. गाणी बहुतांशी अनुकरणात्मक आणि निर्जीव आहेत. किश्श्यामुळे गाण्यांना जीवदान मिळते, ही समीक्षेची शोकांतिका म्हणावी की विनोद, हे ठरवणे कठीण.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेसाठी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्या सिद्धान्तावर आक्षेप कितीही असोत, त्याने समीक्षकाचे लक्ष एका कलाकृतीच्या आत खेचून ठेवले, हे श्रेय त्याला द्यावेच लागते. यंगचा चाहता हीच तत्त्वे नकळत संपूर्ण कारकिर्दीला लावतो. गोंगाटानंतर शांतता, यंत्रानंतर कंट्री, विरोधातून साधलेला समतोल! कारकीर्द हीच त्याची कलाकृती झालेली असते, आणि प्रत्यक्ष अल्बम हे तिच्यातले केवळ घटक. अशा रचनेत वाईट अल्बम संभवतच नाही. कारण विरोधाच्या घटकाला स्वतः चांगले असण्याचे बंधन नसते, त्याने फक्त वेगळे असावे लागते.

परंतु यंगच्या उत्तम कृती या तर्काला दाद देत नाहीत. 'हार्वेस्ट'च्या यशानंतर आपण रस्त्याच्या मध्यभागी आलो, तिथे कंटाळा आला, म्हणून कडेच्या चरात उतरलो, अशा आशयाचे त्याने १९७७ च्या 'डिकेड' या संकलनासोबतच्या टिपणात लिहिले. त्यावरून 'टाइम फेड्स अवे' (१९७३), 'ऑन द बीच' (१९७४) आणि 'टुनाइट्स द नाइट' (१९७५) या तिहींना चराची त्रयी म्हणतात. चाहत्यांच्या कथेत ही त्रयी म्हणजे लोकप्रियतेकडे फिरवलेली पाठ. बेभरवशाच्या स्वभावाचा पहिला मोठा पुरावा. प्रत्यक्षात 'टुनाइट्स द नाइट' ऐकताना पाठ फिरवण्याची आठवणही होत नाही. क्रेझी हॉर्स या त्याच्या साथीच्या वाद्यवृंदातील गिटारवादक डॅनी व्हिटन नोव्हेंबर १९७२ मध्ये मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने मरण पावला. दौऱ्याच्या तालमींतून त्याला यंगनेच परत पाठवले होते. पुढच्या वर्षी वाद्यसामग्री सांभाळणारा ब्रूस बेरी तसाच गेला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मुद्रित झालेली ही गाणी. 'मेलो माय माइंड'मध्ये वरच्या स्वरावर आवाज फाटतो आणि तो तसाच ठेवलेला आहे. 'बॉरोड ट्यून'मध्ये गायक आपली चाल रोलिंग स्टोन्सकडून उसनी आणल्याचे गाण्यातच कबूल करतो. स्वतःची चाल रचण्याइतके त्राण उरलेले नाही, हेच त्या गाण्याचे म्हणणे. आणि मुद्रिकेच्या मध्ये, १९७० च्या एका मैफलीतून उचललेल्या गाण्यात, व्हिटन स्वतः गातो: उत्साहाने, तालात, त्या सगळ्या खचलेल्या आवाजांमध्ये सर्वांत जिवंत असा मेलेल्या माणसाचा आवाज. या योजनेचे सामर्थ्य 'हार्वेस्ट' न ऐकलेल्या श्रोत्यालाही पुरेपूर जाणवते. तिला अनपेक्षित म्हणणे खोटे नाही, केवळ गैरलागू आहे.

'ट्रान्स'ची कथा याच्या उलट आणि अधिक बोलकी. १९८२ च्या अखेरीस तो आला तेव्हा बहुतेक चाहते बिथरले. पुढे यंगने सांगितले की, सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या आपल्या मुलाशी संवाद साधण्याच्या धडपडीतून ही गाणी आली. व्होकोडरमधून येणारे अस्पष्ट शब्द त्या अडलेल्या संवादाचेच रूप आहेत. तेव्हापासून 'ट्रान्स'चे पुनर्वसन झाले. म्हणजे मृत्युलेख लिहून झालेल्या लेखकाला चरित्राच्या दाराने पुन्हा घरात घेण्यात आले. चरित्राने अर्थाला वाट करून दिली याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की, चरित्र मिळताच ऐकणे थांबले. त्या अल्बममधील नऊ गाण्यांपैकी तीन एका बारगळलेल्या वेगळ्याच संकल्पातली आहेत आणि साध्या आवाजात गायिली आहेत. त्यांचा त्या अडलेल्या संवादाशी काही संबंध जुळत नाही, आणि अल्बम त्यामुळे दुभंगतो. उलट, १९६७ मध्ये बफेलो स्प्रिंगफील्डसाठी रचलेले 'मिस्टर सोल' हे कीर्तीच्या ओझ्याविषयीचे गाणे इथे यंत्राच्या तोंडी घातले आहे. गायकाची ओळख जिच्यामुळे होते तो आवाजच काढून घेऊन गाणे शिल्लक ठेवले आहे. ही खरी धाडसी कल्पना. तिची चर्चा मुलाच्या आजाराच्या चर्चेच्या मानाने नगण्य आहे.

आणखी एक गोष्ट. हा कलावंत खरोखर कितपत अनपेक्षित आहे? 'टुनाइट्स द नाइट' एकाच गाण्याने सुरू होतो आणि त्याच गाण्याने संपतो. १९७९ चा 'रस्ट नेव्हर स्लीप्स' एका गाण्याच्या साध्या गिटारवरील रूपाने सुरू होतो आणि त्याच्याच विजेच्या गिटारवरील रूपाने संपतो. १९८९ च्या 'फ्रीडम'मध्येही नेमके हेच. चौदा वर्षांत तीनदा तीच चौकट! त्याचा उंच, पातळ, काठावर थरथरणारा आवाज बदलत नाही. १९५३ ची ती काळी गिब्सन गिटार बदलत नाही. क्रेझी हॉर्सबरोबरची मोजक्या कॉर्ड्सवर रेंगाळणारी मंद लय तर दशकानुदशके तीच आहे. यंगचे मोठेपण शोधायचे तर या हट्टी सातत्यात शोधावे लागेल. वैविध्य आहे ते बरेचसे वेष्टनावरच्या संगीतप्रकाराच्या नावात. आणि गोंगाटानंतर मृदू अल्बम येणार, हे चाहत्यालाही आधीच माहीत असते. अनपेक्षिताची अपेक्षा एकदा स्थिरावली की ती इतर कोणत्याही अपेक्षेइतकीच सुखावह होते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. रसिकाने आपल्या आवडत्या गायकावर लोभ करावा, त्याच्या चुकाही पोटात घालाव्यात. समीक्षकाने त्यात नाक का खुपसावे? बिघडते ते असे. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, तेव्हा यंगने काही दिवसांतच 'ओहायो' रचले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तो मुलाखतींतून रेगनच्या बाजूने बोलला. २००६ मध्ये 'लिव्हिंग विथ वॉर'मधून त्याने इराक युद्धाचा आणि बुशचा उघड धिक्कार केला. जानेवारी २०२२ मध्ये लसीकरणाविषयीच्या अपप्रचाराच्या निषेधार्थ त्याने आपले संगीत स्पॉटिफायवरून काढून घेतले आणि मार्च २०२४ मध्ये ते परतले. यातील प्रत्येक भूमिकेला कारणे आहेत, प्रत्येकीशी वाद घालता येतो, काहींबद्दल जाब विचारता येतो. पण 'तो असाच आहे' या वाक्यात रेगन आणि केंट स्टेट हे तुतारी आणि व्होकोडर यांच्या रांगेत जाऊन बसतात. राजकीय मत हा स्वभावाचा एक रंग ठरतो. जो कलावंत कशालाही बांधील नाही म्हणून गौरवला जातो, तो कशालाही उत्तरदायी नाही असेही त्याच गौरवात ठरून जाते; आणि त्याच्या निषेधाची धार त्याच्या चाहत्यांकडूनच बोथट होते.

बाजारपेठेलाही हे मानवते. पिएर बोर्दियने कलेच्या क्षेत्राचे वर्णन 'हरतो तो जिंकतो' अशा खेळाचे म्हणून केले आहे. ताबडतोबीचे अपयश इथे कालांतराने प्रतिष्ठेच्या भांडवलात बदलते. यंगच्या बाबतीत ते साध्या भांडवलातही बदलले. १९७४-७५ मध्ये मुद्रित करून ऐनवेळी बाजूला ठेवलेला 'होमग्रोन' २०२० मध्ये विक्रीला आला. 'क्रोम ड्रीम्स' २०२३ मध्ये. २००९ पासून त्याच्या संग्रहाचे जाडजूड संच निघत आहेत. पूर्वी लहरीपणाने रद्द केलेले आता त्या लहरीपणाचा दस्तऐवज म्हणून विकले जाते. २०२१ मध्ये गीतांच्या हक्कांतील निम्मा वाटा हिप्नोसिस या गुंतवणूक कंपनीने विकत घेतला. गेफनला १९८३ मध्ये जे तोट्याचे वाटले, ते आता ताळेबंदात जमेच्या बाजूला आहे. 'टेक्स्चुअल पोचर्स' (१९९२) मध्ये हेन्री जेंकिन्सने चाहत्याला दुसऱ्याच्या रानात शिकार करणारा, संहितेतून आपल्याला हवे ते पळवणारा बंडखोर वाचक म्हणून रंगवले. हा चाहता तसा नाही. तो मालकाच्या कोठाराची नोंदवही ठेवणारा कारकून आहे, आणि वहीत एकही नोंद खर्ची पडू नये याची त्याला काळजी आहे. सायमन फ्रिथने 'परफॉर्मिंग राइट्स' (१९९६) मध्ये दाखवल्याप्रमाणे, लोकप्रिय संगीताच्या आस्वादाचा गाभाच मुळी 'हे चांगले, ते वाईट' यावरील भांडणात असतो. यंगच्या बाबतीत भांडण्याची ही सोय काढून घेण्यात आली आहे.

ही सवलत सर्वांना मिळते काय? यंगची समकालीन, त्याच्यासारखीच कॅनडात जन्मलेली, त्याच्यासारखीच बालपणी पोलिओतून उठलेली जोनी मिचेल सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात लोकगीताच्या वळणाकडून जॅझकडे वळली. 'डॉन जुआन्स रेकलेस डॉटर' (१९७७) आणि चार्ल्स मिंगससोबत सुरू झालेला, त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झालेला 'मिंगस' (१९७९) यांतील स्थित्यंतर सांगीतिक दृष्ट्या यंगच्या कोणत्याही स्थित्यंतराहून खोल होते. गिटारचे स्वरमेळ, तालाची बांधणी, शब्दांची फेक, सारेच त्यात बदलले. त्या वेळी त्याला बेभरवशाचे अद्भुत कोणी म्हटले नाही. भरकटणे म्हटले गेले, महत्त्वाकांक्षा म्हटले गेले, पूर्वीची ती मृदू गायिका कुठे गेली अशी हळहळ व्यक्त झाली. पुरुषाच्या वळणांना स्वभावाचे स्वातंत्र्य म्हणावे आणि बाईच्या वळणांना वाट चुकणे, या जुन्या न्यायाला रॉकचे रसिकही अपवाद ठरले नाहीत. पुढे तिचेही पुनर्मूल्यांकन झाले. मात्र ते ध्वनिमुद्रिका एकेक करून ऐकून, त्यांतील रचनेविषयी वाद घालून झाले. त्याच काळातल्या तिच्या 'हेजिरा' (१९७६) या अल्बमवर, मेम्फिसमधील एका वृद्ध ब्लूज गायकाविषयीच्या गाण्यात, हार्मोनिका वाजवली आहे ती नील यंगने. तुकडा लहान आहे, नेमका आहे, आणि यंगच्या अनपेक्षित करामतींच्या यादीत तो क्वचितच आढळतो.