लक्ष्मीबाई, पण कोणत्या?

‘लक्ष्मीबाई’ एवढेच नाव कोणी उच्चारले, तर ऐकणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे प्रथम झाशीची राणी उभी राहते, आणि ते योग्यच होय. परंतु महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासाची पाने जो कोणी सावकाश चाळील, त्यास या एकाच नावाच्या अनेक थोर स्त्रिया भेटतील. एक रणांगणावर पडली, दुसरीने लेखणी हाती धरली, तिसरीने आमच्या वर्धा शहरी संस्था उभारली, चौथीने परक्यांच्या लेकरांस अन्न घातले. कोणी पाकशास्त्र लिहिले, तर कोणी वैद्यक केले. नाव एक आणि कार्ये इतकी भिन्न, हे पाहून कौतुक वाटते. परंतु या कौतुकाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या विद्यार्थिनींच्या व त्यांच्या आईबापांच्या कानी घालावा, याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम राणीसाहेबांविषयी. मोरोपंत तांबे यांची ही कन्या काशीक्षेत्री जन्मली व तिचे बालपण दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाखाली ब्रह्मावर्त येथे गेले. गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह होऊन ती झाशीस आली. पती निवर्तल्यावर दत्तक पुत्राचा हक्क नाकारून इंग्रज सरकारने 1854 साली ते संस्थान खालसा केले, आणि 1858 सालच्या जून महिन्यात ग्वाल्हेरीजवळ लढता लढता राणीने देह ठेवला. एवढे इयत्ता चौथीचा मुलगाही सांगेल. मात्र तिचे पाळण्यातले नाव लक्ष्मी नव्हते, ते मनकर्णिका होते, हे सांगताना पुष्कळांस थांबावे लागेल. काशीच्या प्रसिद्ध घाटावरून ठेवलेले ते नाव, लाडाने ‘मनु’.

आता दुसऱ्या लक्ष्मीबाई पाहा. राणीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1868 साली, नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मास आली. तिचेही नाव मनकर्णिका, आणि तिलाही घरी ‘मनु’च म्हणत. 1880 साली तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले व तीही लक्ष्मीबाई झाली. माहेरचे नाव एक, सासरचे नाव एक. परंतु दोघींच्या जीवितात किती अंतर! हिला घोडा ठाऊक नव्हता, तलवार ठाऊक नव्हती. अक्षरओळखदेखील लग्नानंतर झाली. पती 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा तिच्यावर वियोगाचा डोंगर कोसळला. पुढे विचारपूर्वक तिनेही 1900 साली बाप्तिस्मा घेतला. उतारवयात तिने आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या नावाने त्या 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून आजतागायत मराठी गद्याचा उत्तम नमुना कोणता, अशी चर्चा निघाली की या ग्रंथाचे नाव घेतल्यावाचून कोणाचे चालत नाही. पतीने अपुरे सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही याच बाईंनी पुढे नेले. शाळेचा उंबरठा न ओलांडलेली स्त्री शाळांतील पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली, हा पराक्रम किल्ला लढविण्याहून उणा आहे, असे आम्हांस वाटत नाही.

तिसऱ्या लक्ष्मीबाई आमच्या वर्ध्याच्याच. नागपूर येथे दाते यांच्या कुटुंबात 1905 साली त्यांचा जन्म झाला. आईबापांनी नाव ठेवले कमल. वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांच्याशी विवाह होऊन त्या येथे आल्या आणि लक्ष्मी झाल्या. 1932 साली वैधव्य आले. पदरी मुले, अंगावर संसाराचा भार, अशा स्थितीत 1936 सालच्या विजयादशमीस त्यांनी याच शहरी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. 1978 साली त्या निवर्तल्या, तोवर लोक त्यांस ‘मावशी’ या नात्याच्या नावानेच हाक मारीत. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो. पण वकिलाची विधवा घराच्या चौकटीबाहेर पडून स्त्रियांची संघटना उभारते, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने सामान्य नव्हती, हे सर्वांस मान्य व्हावे.

आणखी तिघींचा उल्लेख थोडक्यात करतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी सातारच्या वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले. सरते शेवटी गळ्यातील मंगळसूत्रही मोडले. त्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस जेवत होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र’ हा हजार पाकक्रियांचा ग्रंथ रचला; चुलीपुढचे शास्त्रही लिहून ठेवण्याजोगे असते, हे त्यांनी दाखविले. आणि डॉक्टर लक्ष्मीबाई राजवाडे यांनी वैद्यकाबरोबर स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास केला. राष्ट्रीय नियोजन समितीने 1939 साली नेमलेल्या स्त्रीविषयक उपसमितीच्या त्या अध्यक्ष होत्या.

राणी, लेखिका, संघटक, अन्नपूर्णा, पाकशास्त्रज्ञ आणि वैद्य अशा या सहा लक्ष्मीबाई. आता आम्ही विद्यार्थ्यांस विचारतो, इतक्या जणींचे नाव एकच का असावे?

याचे उत्तर योगायोगात नाही, रूढीत आहे. आमच्याकडे पुष्कळ घरांत नवी सून दारी आली म्हणजे उंबरठ्यावर तांदळाचे माप ठेवतात. ते पायाने लवंडून ती आत येते, कारण ती त्या घरची लक्ष्मी समजली जाते. मग ताटात तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहितात आणि साखर वाटतात. लक्ष्मी हे नाव अनेक घरांस आवडावे हे ओघानेच आले. या सोहळ्यात प्रेम नसते असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या ताटात जे नाव उमटते, त्याच्या खाली दुसरे एक नाव झाकले जाते, इकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हे केवळ लक्ष्मीबाईंच्याच बाबतीत घडले असे नाही. 1886 साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई, ज्यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य वाढविले, त्याही माहेरी यमुनाच. म्हणजे एका पिढीतील दोन यमुना, दोघीही नामवंत. पण यमुना या नावाने आज त्यांपैकी एकीसही कोणी ओळखत नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट मात्र निराळी. आईबापांनी ठेवलेले रमा हेच नाव त्यांनी अखेरपर्यंत चालविले. बंगाली गृहस्थाशी विवाह झाला, पुढे धर्म बदलला, सातासमुद्रांपलीकडे प्रवास घडला, केडगावी मुक्तिसदन उभे राहिले, तरी रमाबाई त्या रमाबाईच राहिल्या.

याउलट मुलांकडे पाहा. विनायक नावाचे पुरुष आपल्याकडे थोडे का आहेत? ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे आणि पवनारच्या धाम नदीकाठी आश्रम करून राहिलेले विनायक नरहर भावे, यांचे तर आडनावही एकच. पैकी दुसऱ्यांचे नाव आश्रमात ‘विनोबा’ झाले खरे. पण ते झाले तेव्हा ते जाणते होते, स्वतः निवडलेल्या वाटेवर होते, आणि लग्नाच्या मांडवाशी त्या नावाचा काही संबंध नव्हता. पवित्र शास्त्रातही शिमोनाचा पेत्र झाला, अब्रामाचा अब्राहाम झाला. परंतु ती नावे त्या त्या पुरुषाच्या पाचारणाची खूण म्हणून आली. कार्य आधी अथवा कार्यासाठी नाव, असा तो क्रम. अकरा वर्षांच्या मनकर्णिकेस असे कोणते पाचारण झाले होते?

येथे कोणी समंजस वाचक आम्हांस अडवील व म्हणेल, “मास्तर, या बायकांनी तेच मिळालेले नाव उज्ज्वल केले ना? आज झाशीच्या राणीस मनकर्णिका म्हणून हाक मारा, कोण ओळखेल? मग तक्रार कशाची?” हा आक्षेप खोटा नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्म्यानंतरही हेच नाव राखले; तोवर ते त्यांचे स्वतःचे झाले होते. दुसऱ्याने दिलेली वस्तू मनुष्य आपल्या श्रमाने आपली करून घेऊ शकतो, हे त्यांनी दाखविले, आणि त्याबद्दल त्यांना नमस्कारच केला पाहिजे. मात्र थोर मनुष्य अडचणीवर मात करतो, यावरून अडचण चांगली होती असे सिद्ध होत नाही. ज्या सहस्रावधी मुलींनी ग्रंथ लिहिले नाहीत, युद्धे केली नाहीत, त्यांची पाळण्यातली नावे कोठे गेली? त्यांच्या नातवंडांसही ती सांगता येत नाहीत.

शिवाय हा प्रश्न केवळ भावनेचा नाही, व्यवहाराचाही आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर तेच नाव, आणि लग्नानंतर शिधापत्रिकेवर व बँकेच्या पुस्तकात दुसरेच, यामुळे होणारी तारांबळ आम्ही शिक्षक प्रतिवर्षी पाहतो. नोकरीच्या अर्जापायी शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीस ‘ती मीच’ हे सिद्ध करण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. ज्या प्रमाणपत्रासाठी ती दहा वर्षे अभ्यास करीत होती, त्यावरचे नावच तिच्या उपयोगी पडेना! वास्तविक विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असा कायदा आपल्या देशात नाही. बदल करावयाचा तर तो तिच्या इच्छेने होतो. आणि इच्छा नसेल तर सासरच्या किंवा माहेरच्या कोणीही त्यासाठी आग्रह धरण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र समाधानाची घडली आहे. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम असावा, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. ही बालके काही वर्षांनी शाळेच्या पटावर येतील, तेव्हा आम्हांस प्रत्येक मुलाच्या नावाशेजारी त्याच्या आईचे नाव लिहिता येईल. आईचे नाव लिहावयाचे झाले की ते तिचे कोणते नाव, हा प्रश्न घरोघरी निघेल, आणि तो निघावा अशीच आमची इच्छा आहे.

पालकांस आमची विनंती अशी. कन्येचे नाव ठेवताना आपण बारशाला जितका विचार करता, तितकाच विचार तिच्या विवाहाच्या वेळीही करा. आता कायद्याने वधू अठरा वर्षांची, म्हणजे सज्ञान असते. तिच्या नावाबद्दल तिला विचारावे, आणि तिचे उत्तर ऐकावे. तिला लक्ष्मी व्हावयाचे असेल तर आनंदाने होऊ द्या. तिला कमलच राहावयाचे असेल तर ताटातल्या तांदळावर ‘कमल’ असेच लिहा. सोहळा तोच राहील, अंगठी तीच राहील, साखरही तितकीच गोड लागेल. सून घरात आली हा आनंद तिचे जुने नाव पुसल्यावाचून साजरा करता येत नाही, असे थोडेच आहे?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी एक अभ्यास देतो. यास गुण नाहीत, पण याचे मोल आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आजीजवळ बसा आणि तिला तिचे पाळण्यातले नाव विचारा. ते कोणी ठेवले, का ठेवले, आणि त्या नावाने तिला शेवटची हाक कोणी मारली, तेही विचारा. आईलाही हेच विचारा. कदाचित काही आज्या हसतील, काही क्षणभर गप्प होतील, पण सांगतील. ती नावे वहीत स्वच्छ अक्षरात लिहून शाळा उघडल्यावर आणा. पुढील अंकाच्या मराठी विभागात, ज्यांची संमती असेल त्यांची ती नावे आम्ही छापू.