शाळेच्या कपाटात दम्याचा पंप हवाच

शाळेत तातडीचा पंप ठेवा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: ‘पंपाची सवय लागते.’ हे साफ चूक आहे. पंपातले सालब्युटामॉल आवळलेल्या श्वासनळ्या काही मिनिटांत सैल करते. व्यसन लावणारे त्यात काही नाही. तो वारंवार लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही आणि त्या मुलाला सूज कमी करणारा रोजचा पंपही हवा, एवढाच त्याचा अर्थ. या भीतीपायी आईबाप पोराचा पंप लपवतात आणि मृगाला त्याला माशाच्या औषधासाठी हैदराबादला नेतात. त्या औषधाने दमा बरा होतो याचा शास्त्रीय पुरावा नाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांच्या आसपास मृत्यू आपल्याकडे होतात. माणसे मरतात ती पंप घेतल्याने नव्हे, तो न मिळाल्याने.

दुसरा आक्षेप, ‘खेड्यात कसला दमा? तो शहरातल्या धुराचा रोग.’ असे म्हणणाऱ्यांनी दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर अनंतपाळच्या शिवारात यावे. सोयाबीनच्या राशी चालू असतात, मळणीयंत्रातून उडालेला भुस्सा वाऱ्याबरोबर गावात शिरतो आणि शाळेची खिडकी त्याला अडवत नाही. सोयाबीनची धूळ दम्याच्या माणसाचे काय करू शकते, हे बार्सिलोनाने भोगले आहे. 1980च्या दशकात तिथे ठरावीक दिवशी दवाखाने अचानक दम्याच्या रुग्णांनी भरून जात. बंदरावर सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ हे त्याचे कारण निघाले. कोठारांना गाळण्या बसवल्यावर ते प्रकार थांबले. आपल्या शिवाराला गाळणी बसवता येत नाही. म्हणून औषध तरी पोराच्या हाताशी असले पाहिजे.

‘शिक्षक काही डॉक्टर नाहीत,’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. चुकीच्या मुलाला औषध गेले तर, ही काळजीही रास्त. पण जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी शाळेत हेच शिक्षक देतात. ब्रिटनने 1 ऑक्टोबर 2014 पासून शाळांना चिठ्ठीविना सालब्युटामॉलचा पंप ठेवायची मुभा दिली, ती एका अटीवर: दमा असल्याचे आधी माहीत आहे आणि पालकांची लेखी संमती आहे, अशाच मुलाला तो द्यायचा. चुकीला जागा उरते कुठे?

शिकायचे तरी किती? पोराला वाक्य पुरे करता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ही खूण. त्याला बसते ठेवायचे, आडवे करायचे नाही. पंप हलवून स्पेसरला, म्हणजे औषधाचा फवारा धरून ठेवणाऱ्या पोकळ नळीला, लावायचा, एक दाब, मग स्पेसरमधूनच चार-पाच संथ श्वास, गरजेप्रमाणे पुन्हा. ओठ निळसर दिसले किंवा आराम पडला नाही, तर लगेच 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत पंप चालूच. स्पेसर नसेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली बुडाला भोक पाडून चालते. केपटाऊनच्या डॉक्टरांनी हे 1999 मध्ये दाखवून दिले.

‘ज्याचा पंप त्याने आणावा’ हे बोलायला सोपे आहे. पंप घरी विसरतो, संपतो, वर्गातली पोरे हसतील म्हणून दप्तराच्या तळाशी दडतो.

राहिला कायदा. हे औषध अनुसूची ‘एच’मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण ब्रिटनमध्येही ते चिठ्ठीचेच औषध आहे. तिथे शाळांपुरती दुरुस्ती झाली. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहेच. दोनशे दाबांचा पंप साधारण दोनशे रुपयांच्या आत येतो. खर्चाची सबब इथे टिकत नाही.

शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत शाळांना पंप आणि स्पेसर देण्याचा आदेश काढावा. तोवर शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी पुढच्याच बैठकीत दम लागणाऱ्या मुलांची यादी करावी, पालकांच्या संमतीवर सह्या घ्याव्यात आणि तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडून शिक्षकांना पंप द्यायला शिकवून घ्यावे. सोयाबीनच्या राशी सुरू होण्याआधी एवढे कराच.