अंगणातला रंग आणि हार्डनरचा डबा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. जुनी जीप किंवा मारुती घेऊन तिला मनाजोगते रूप देण्याची हौस मात्र आता कुठल्याही गावात शिरलेली दिसते. भंडाऱ्यात किंवा नागपुरात पूर्ण गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचा भाव ऐकला, की कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने आणून काम अंगणातच उरकावे असे कोणालाही वाटेल. त्यात गैर काही नाही. पण वाटणी उलटी होते. कंटाळवाणी घासाई मिस्त्रीच्या गळ्यात घालायची आणि गन चालवण्याची मजा आपण घ्यायची, असा बेत बहुतेकांचा असतो. आमच्या मते घरी करावी ती घासाई. शेवटचा हात बाहेर द्यावा.

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन रंग असतो. एवढ्या पातळ थराखाली काहीही लपत नाही. उलट चकाकी आली की पत्र्यातला प्रत्येक पोचा उठून दिसतो. म्हणून गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढावा, पुट्टी पातळ लावावी, 80 नंबरच्या पेपरपासून 180, 320 असे चढत जावे, मग सर्फेसर मारून 600-800 चा वॉटर पेपर पाण्याने फिरवावा. सर्फेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासले तर जिथे काळे उरते तिथे खड्डा आहे, हे एरवी न दिसणारे सत्य डोळ्यांना दिसते. जुन्या रंगाची जातही तपासावी. कापडाला थिनर लावून पुसल्यावर रंग सुटला, तर तो जुना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, समजावा. त्याच्यावर थेट टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, चढवल्यास खालचा थर सुरकुततो. या कामाला महिना लागला तरी बिघडत नाही, आणि मिस्त्रीच्या बिलातला मोठा वाटा याच मजुरीचा असतो. एक सावधगिरी: रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे 2016 चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत. म्हणून गाडीचा जुना थर कोरडा घासून पोरांच्या खेळण्याच्या जागी धूळ उडवू नये.

हवामानाचेही बघावे लागते. पावसाळ्यात एनसी रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. मे महिन्याच्या उन्हात फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि खरखरीत बसतो. दिवाळीनंतरचे दिवस त्यातल्या त्यात बरे, पण तेव्हा धानाची मळणी सुरू असते आणि हवेत भुसा. ओल्या क्लिअर कोटला हे सगळे चिकटते.

धूळ पॉलिशने निघते. हार्डनरचे तसे नाही. आजच्या टू-के रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळला 1984 मध्ये जो वायू सुटला, तो मिथिल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधला पदार्थ त्याच्याइतका सहज उडून जात नाही, हे खरे. पण गन त्याचे बारीक तुषार करून थेट फुप्फुसात पोचवते. त्यातून जडणारा दमा असा, की एकदा शरीर बिथरले की पुढे अगदी थोडा अंशही झटका आणू शकतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेनुसार असे रंग फवारणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे 80 पट असतो. वासावरून इशारा मिळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तर निव्वळ समजूत. या कामाला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. गंमत अशी, की डॉ. ॲलन डेव्हिलबिस या अमेरिकी डॉक्टरने घशात औषध मारण्यासाठी फवारा बनवला आणि त्याच्या मुलाने त्यातूनच रंगाची गन घडवली. शिवाय तुषार आपल्या भिंतीपाशी थांबत नाहीत. शेजारच्या घरात हातमागावर कोशाचे सूत चढलेले असेल, तर हा प्रश्न एकट्या गाडीमालकाचा राहत नाही.

कायद्याची भीती मात्र लोक भलतीकडे बाळगतात. रंग बदलता येतो. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असल्याने तो बदल भंडाऱ्याच्या आरटीओ कार्यालयात (एमएच-36) नोंदवावा, विमा कंपनीलाही कळवावा. ऑलिव्ह हिरवा तेवढा लावू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो संरक्षण दलांसाठी राखला आहे, आणि जुन्या जीपवाल्यांना नेमका त्याचाच मोह पडतो. खरी अडचण रचना बदलण्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मूळ घडणीत मनमानी फेरफार चालणार नाहीत असे स्पष्ट केले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली, तेव्हा 2021 च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक करतानाच ती नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. प्रत्येक हौशी माणसाला असा महिंद्रा भेटत नाही.

फवारणीच्या धोक्यावर जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्यासारखे एक काम आहे. आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमांत गाडीच्या बॉडी पेंटिंगचा स्वतंत्र व्यवसाय आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयने हवा खेचणारा, गाळणारा बूथ उभारून तो दिवसाच्या भाड्याने द्यावा. घरी घासून, सर्फेसर मारून तयार केलेली गाडी तिथे आणावी, शिकलेल्या हाताने मुखवटा घालून बेस आणि क्लिअर मारावा. रबिंग-पॉलिशला गाडी परत अंगणात आणायला कोणाचीच हरकत नसावी.